सुट्टीतही चालू राहणारी शाळा

मे महिना उजाडला की शाळांना कुलपे लागतात आणि घरे मुलांच्या आवाजाने भरून जातात. आजोळचा प्रवास, आमरसाची पंगत, एखाद्या तीर्थक्षेत्राची वंदना, गुरुकुलातील धार्मिक संस्कार शिबिर असा सुट्टीचा क्रम महाराष्ट्रातील अनेक जैन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वर्षभर दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या बालमनाला हा विसावा हवाच असतो. जून महिन्यात शाळा उघडते, तेव्हा विस्मरणात गेलेले पाढे आठ-पंधरा दिवसांत पुन्हा जिभेवर येतात आणि सुट्टीत काही गमावले होते हेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

काही घरांत मात्र हाच महिना चिंता घेऊन येतो. स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेले, सेरेब्रल पाल्सी झालेले किंवा एकाहून अधिक व्यंगांशी झुंजणारे मूल ज्या घरात आहे, त्या घराला सुट्टीचे गणित निराळेच मांडावे लागते. सदऱ्याची दोन बटणे स्वतः लावायला जे मूल आठ महिने शिकले, पाणी हवे असल्यास चित्राच्या कार्डावर बोट ठेवायचे हे ज्याच्या अंगवळणी पडण्यास संपूर्ण शैक्षणिक वर्ष लागले, ते मूल दीड महिना शाळेपासून दूर राहिले की त्यातले बरेचसे हातून निसटते. जून उजाडतो आणि शिक्षिकेला पुन्हा पहिल्या बटणापासून आरंभ करावा लागतो.

या हानीची जबाबदारी कोणाची? आईची, शाळेची की शासनाची? अमेरिकेतील काही पालकांनी हा प्रश्न सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी न्यायालयासमोर नेला. तेथे मिळालेल्या उत्तरातून शासकीय खर्चाने चालणाऱ्या सुट्टीतील शिक्षणाची एक व्यवस्था उभी राहिली. आज अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी व जैन कुटुंबांशी तिचा थेट संबंध आहे. आणि महाराष्ट्रातील पालकांनी व समाजसंस्थांनीही तिच्यापासून घेण्यासारखे बरेच आहे.

सुट्टीत नेमके काय हरवते?

विसरणे हा मनुष्यमात्राचा धर्म आहे. सुट्टीनंतर प्रत्येक विद्यार्थी थोडा मागे गेलेला असतो. म्हणून विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात दोन गोष्टींचा एकत्र विचार केला जातो. खंड पडल्यावर मूल किती मागे गेले, ही पहिली. आणि गमावलेले परत मिळवण्यास त्याला किती काळ लागला, ही दुसरी. सर्वसाधारण मुलाची पीछेहाट थोडी असते आणि भरपाई त्वरित होते. काही मुलांच्या बाबतीत मात्र पीछेहाट खोल असते आणि भरपाई अतिशय मंद. जूनमध्ये हरवलेले दिवाळीपर्यंत परत येते, तोच दिवाळीची सुट्टी लागते. अशा मुलाचे वर्ष शिडी चढण्या-उतरण्यातच सरते आणि वयाने मोठे होत जाताना ते कौशल्याने मात्र तेथेच राहते.

यात हरवते ते बहुधा पुस्तकी ज्ञान नसते. स्वतःच्या हाताने जेवणे, शौचाची सूचना देणे, रांगेत उभे राहणे, रागाच्या भरात स्वतःला इजा करून न घेणे, हाक मारली असता वळून पाहणे अशी ही कौशल्ये असतात. ती टिकली तर मोठेपणी ते मूल आपल्या देहाचे व्यवहार काही अंशी स्वतः सांभाळू शकते. ती गेली तर आई-वडिलांच्या पश्चात त्याचे काय होईल, हा प्रश्न त्या घराला रात्री झोपू देत नाही. सुट्टीतील शिक्षणाचा विषय वरवर शाळेच्या वेळापत्रकाचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी त्या मुलाचे स्वावलंबन आहे.

एकशे ऐंशी दिवसांची भिंत

अमेरिकेत १९७५ पूर्वी दिव्यांग मुलांच्या शिक्षणाची स्थिती खेदजनक होती. त्या देशाच्या संसदेने कायदा करताना जी परिस्थिती नोंदवली, तीनुसार ८० लाखांहून अधिक दिव्यांग मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नव्हते आणि सुमारे १० लाख मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर होती. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालक-संघटनेने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९७२ मध्ये त्या मुलांना शाळेचे दार उघडले. पुढे २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. प्रत्येक दिव्यांग मुलाला विनामूल्य आणि त्याच्या गरजेस अनुरूप असे सार्वजनिक शिक्षण मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी शिक्षण-आराखडा तयार झाला पाहिजे, ही त्या कायद्याची दोन मुख्य सूत्रे होत. हा आराखडा आज तेथे ‘आयईपी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो.

दार उघडले, पण ते वर्षातून केवळ १८० दिवस. पेनसिल्व्हेनियात शालेय वर्ष १८० दिवसांचे होते आणि त्यापलीकडे कोणत्याही मुलाच्या शिक्षणाचा खर्च न करण्याचे धोरण राज्याने धरले होते. नियम सर्वांना सारखा होता, त्यामुळे तो न्याय्यही वाटत होता. तीव्र स्वरूपाची अक्षमता असलेल्या काही मुलांच्या पालकांनी नेमके यावरच बोट ठेवले. कायदा प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार शिक्षण देण्याची आज्ञा करतो. मग मुलाची गरज काय आहे हे पाहण्यापूर्वीच दिवसांची संख्या कशी ठरवता येईल, असा त्यांचा प्रश्न होता.

‘आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल जून १९७९ मध्ये लागला. दीर्घ खंडामुळे या मुलांची होणारी पीछेहाट आणि तिच्या भरपाईस लागणारा काळ लक्षात घेता १८० दिवसांचा सरसकट नियम कायद्याशी विसंगत ठरतो, असे संघीय न्यायालयाने म्हटले. १९८० मध्ये वरच्या न्यायालयानेही, कायद्याचा भर व्यक्तिगत गरजेवर असताना असा ताठर नियम टिकू शकत नाही, असा निर्णय दिला. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि ती भिंत कायमची पडली. त्यानंतर मिसिसिपी, जॉर्जिया, टेक्सास या राज्यांतील खटल्यांतही न्यायालये याच दिशेने गेली. १९९० मध्ये ओक्लाहोमातील एका प्रकरणात न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. मूल मागे गेल्याचा भूतकाळातील पुरावा ही एकमेव कसोटी असू शकत नाही. अक्षमतेची तीव्रता, प्रगतीचा वेग, वर्तनाच्या अडचणी, घरी शिस्तबद्ध शिक्षण देण्याची पालकांची क्षमता, परिसरातील अन्य सोयी आणि तज्ज्ञांचा अंदाज या सर्वांचा विचार झाला पाहिजे. आधी मुलाला पडू द्यावे आणि मगच हात द्यावा, अशी अट त्यामुळे उरली नाही.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

या व्यवस्थेला अमेरिकेत ‘एक्स्टेंडेड स्कूल इयर’, म्हणजेच विस्तारित शालेय वर्ष, असे म्हणतात. १९९९ च्या केंद्रीय नियमांत तिला स्पष्ट स्थान मिळाले. मुलाला योग्य शिक्षण मिळण्यासाठी सुट्टीतील सेवा आवश्यक असेल, तर ती पालकांकडून काहीही शुल्क न घेता दिली पाहिजे. ती आवश्यक आहे किंवा नाही, हे त्या मुलाचा आराखडा करणारी समिती ठरवते आणि पालक त्या समितीचे सदस्य असतात. स्वमग्न मुलांनाच देऊ, इतरांना नाही, असे अक्षमतेच्या प्रकारावरून बंधन घालता येत नाही. सर्वांना सरसकट तीन आठवडे, असा सेवेचा प्रकार, प्रमाण वा कालावधीही शाळेला एकतर्फी ठरवता येत नाही.

या सेवेची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ती प्रत्येक दिव्यांग मुलाला आपोआप मिळत नाही. ती पाळणाघर नाही, छंदवर्ग नाही आणि वर्षभराच्या अभ्यासाची पुनरावृत्तीही नाही. आराखड्यातील जी उद्दिष्टे खंडामुळे धोक्यात येतील तेवढ्यांपुरतीच ती असते. एखाद्या मुलाला आठवड्यातून चार दिवस वर्ग मिळेल, दुसऱ्याला केवळ वाचा-उपचाराचे काही तास, तर तिसऱ्याला घरी येणारी शिक्षिका. न्यूयॉर्क राज्यात बारमाही शिक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवड्यांचे, ३० दिवसांचे सत्र चालते.

खर्चाचा भार मुख्यतः राज्ये आणि स्थानिक शालेय जिल्हे उचलतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागील राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची कल्पना केंद्राने १९७५ च्या कायद्यात मांडली होती. ती पातळी आजवर एकदाही गाठली गेली नाही. त्यामुळे हक्क कागदावर पक्का असला, तरी तिजोरी आखडती असते आणि शाळेकडून पहिले उत्तर अनेकदा नकाराचे येते. अशा वेळी माहितगार पालकाचे मूल आणि संकोची पालकाचे मूल यांच्या वाट्याला येणाऱ्या सुट्टीत फार मोठे अंतर पडते.

परदेशस्थ पालकांची वही

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, टेक्सास येथे जैन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील मंदिरांत आणि केंद्रांत मुलांसाठी पाठशाळा भरतात. सुविद्य आणि स्थिरस्थावर असलेल्या या समाजातही मुलाच्या अक्षमतेविषयी मोकळेपणाने बोलणे अद्याप जड जाते. शाळेच्या बैठकीत शिक्षकांचा शब्द अंतिम मानण्याची भारतीय सवय तेथे आड येते. परक्या देशात शासनाकडे काही मागणे म्हणजे याचना करणे, असेही काहींना वाटते. वस्तुतः ही सेवा कायद्याने त्या मुलाची आहे; आई-वडील ती त्याच्या वतीने मागतात, एवढेच.

यासाठी काळाचे भान फार महत्त्वाचे असते. पेनसिल्व्हेनियात तीव्र अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत सुट्टीतील सेवेच्या निर्णयासाठी बैठक २८ फेब्रुवारीपर्यंत व्हावी आणि निर्णयाची लेखी सूचना ३१ मार्चपर्यंत पालकांना मिळावी, असा नियम आहे. नकार मान्य नसेल तर दाद मागण्यास वेळ उरावा, हा त्यामागील हेतू आहे. इतर राज्यांच्या मुदती निराळ्या असल्या, तरी सुट्टीचा विचार सुट्टी लागण्याच्या बऱ्याच आधी झाला पाहिजे, हे सूत्र सर्वत्र लागू पडते. जूनमध्ये जागे होणाऱ्या पालकाला बहुधा पुढील वर्षाचीच वाट पाहावी लागते.

दुसरी गरज पुराव्याची. नाताळची सुट्टी, वसंत ऋतूतील सुट्टी, आजारपणामुळे पडलेला खंड या प्रत्येक वेळी मूल खंडापूर्वी काय करू शकत होते, शाळा सुरू झाल्यावर काय करू शकले आणि पूर्वपदावर येण्यास किती दिवस लागले, याची तारीखवार नोंद एका साध्या वहीत ठेवावी. शाळेकडील प्रगतीच्या नोंदीही मागून घ्याव्यात. ‘माझ्या मुलाला फार त्रास होतो’ या वाक्यापेक्षा ‘चमच्याने जेवणे २० डिसेंबरला जमत होते, ५ जानेवारीला जमले नाही, परत जमण्यास पाच आठवडे लागले’ ही नोंद समितीपुढे अधिक वजनदार ठरते. बैठकीतील इंग्रजी पूर्णपणे समजत नसेल, तर शाळेकडून दुभाष्या मागण्याचा अधिकार पालकांना आहे. आजी-आजोबांकडे मूल राहत असेल, तर त्यांचेही निरीक्षण वहीत उतरावे. मुलाचे सूक्ष्म बदल प्रथम त्यांच्याच नजरेस येत असतात.

पैसा आहे, माणसे कोठे आहेत?

हक्क आणि निधी मिळाला की सर्व काही साधते, असे नाही. आयर्लंडचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे ‘जुलै प्रोव्हिजन’ या नावाने स्वमग्न मुलांसाठी आणि तीव्र वा अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी उन्हाळी शिक्षणाची शासकीय योजना अनेक वर्षे चालली. शाळेत वर्ग भरत नसतील, तर चार आठवड्यांत ४० तास घरी शिकवण्यासाठी शासन निधी देत असे. पुढे योजनेचा विस्तार होत गेला आणि २०२१ मध्ये सर्व प्राथमिक व माध्यमिक शाळांना असे उन्हाळी वर्ग घेण्याची मुभा मिळाली.

परंतु वर्ग घेणे शाळांच्या इच्छेवर सोडलेले असल्याने अनेक शाळांनी, त्यांत ज्यांची गरज सर्वाधिक त्या विशेष शाळांनीही, वर्ग भरवले नाहीत. वर्षभर थकलेले शिक्षक सुट्टीत काम करण्यास उपलब्ध नव्हते. घरपोच शिक्षणाचा पर्याय स्वीकारावा, तर शिक्षक पालकांनीच शोधायचा. अनेक घरांत मंजूर झालेले तास शिक्षक न मिळाल्याने वाया गेले. यातून एक धडा स्पष्ट होतो. अशा योजनेत पैशाइतकीच प्रशिक्षित माणसांची तजवीज आधी करावी लागते आणि ती माणसे शिक्षकांच्या विश्रांतीवर घाला न घालता मिळवावी लागतात. निवृत्त शिक्षिका, विशेष शिक्षणाचे विद्यार्थी, उपचारतज्ज्ञ आणि शिकवून तयार केलेले स्वयंसेवक हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे.

महाराष्ट्राच्या अंगणात

भारतातही कायद्याचा पाया घातला गेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अक्षमता असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली, आणि ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. मुलाच्या गरजेनुसार वैयक्तिक साहाय्य पुरवणे आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य म्हणून त्यात नोंदले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक असावे, असे निर्देश दिले.

सुट्टीचा प्रश्न मात्र या चौकटीत स्वतंत्रपणे हाताळलेला दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून विशेष गरजा असलेल्या मुलींना मिळणारा दरमहा २०० रुपयांचा भत्ता १० महिन्यांचा असतो. शासनाचे वर्ष शाळेच्या दिनदर्शिकेप्रमाणे चालते, हे यावरून ध्यानात येते. मुलाच्या गरजांचे वर्ष मात्र बारा महिन्यांचे असते. निवासी विशेष शाळेतील मूल सुट्टीत गावी परतते, तेव्हा तेथे त्याला शिकवणारे प्रशिक्षित माणूस अनेकदा कोणीच नसते. शेतात वा कामावर जाणारे आई-वडील, थकलेली आजी आणि भर उन्हात दारातली ओसरी, एवढेच त्याचे जग उरते.

येथेही २०० हा आकडा किमान आहे, कमाल नव्हे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुट्टीत काही तासांचे वैयक्तिक साहाय्य मागण्यास कायद्याची भाषा आड येत नाही. पालकांनी एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा शाळेच्या व्यवस्थापन समितीत, गटसाधन केंद्रात आणि दिव्यांग कल्याण विभागाकडे एकत्रितपणे मागणी मांडली, तर ती ऐकली जाण्याची शक्यता वाढते. दरम्यान हाताशी असलेल्या सोयींचा लाभ घ्यावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि नियमित उपचार-सत्रांच्या खर्चाचाही त्यात समावेश आहे. सुट्टीत वाचा-उपचार वा व्यवसायोपचार चालू ठेवण्यास तिचा उपयोग होऊ शकतो. शाळा बंद होण्यापूर्वी शिक्षिकेकडून ‘सुट्टीत टिकवायच्या चार गोष्टी’ लिहून घेणे हे तर कोणत्याही योजनेवाचून जमण्यासारखे आहे. चारच, कारण चाळीस गोष्टींची यादी आईच्या हाती दिली, तर एकही टिकत नाही.

समाजाच्या हातचे

जैन समाजाला शिक्षणाच्या दानाची उज्ज्वल परंपरा आहे. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ठिकठिकाणी वसतिगृहे उभारली, तेव्हा खेड्यातील हुशार पण निर्धन विद्यार्थ्याची अडचण त्यांनी ओळखली होती. कारंजा येथे १९१८ मध्ये आणि बाहुबली येथे १९३४ मध्ये सुरू झालेल्या आश्रमांनी हजारो मुलांना विद्या आणि संस्कार दिले. आज दर उन्हाळ्यात गावोगावी संस्कार शिबिरे भरतात. सभागृह असते, भोजनगृह असते, दाते असतात, सेवाभावी युवक-युवती असतात. या शिबिरांच्या यादीत दिव्यांग मुलाचे नाव मात्र क्वचितच आढळते. त्याची भावंडे शिबिराला जातात आणि ते मूल आईबरोबर घरी राहते.

याच्या मुळाशी कधी कधी कर्मसिद्धांताचा एक अपुरा अर्थ असतो. हे पूर्वकर्माचे फळ आहे, त्याला इलाज नाही, असे म्हणून घरातील वडीलधारे विषय संपवतात. पुष्कळ मातांनी हे वाक्य ऐकून मनातल्या मनात स्वतःलाच दोषी मानले आहे. जैन तत्त्वज्ञान मात्र याहून पुष्कळ पुढे जाते. ज्ञान हा जीवाचा स्वभाव आहे. ज्ञानावरणीय कर्म त्याला झाकते, त्याचा नाश करू शकत नाही. ढगांनी सूर्य झाकला तरी दिवस आणि रात्र यांतील भेद कळण्याइतका प्रकाश उरतोच, तसा ज्ञानाचा अंश प्रत्येक जीवात कायम उघडा असतो. क्षयोपशमाने तो अंश वाढतो आणि त्याला अनुकूल निमित्त लागते. चित्राचे कार्ड हाती देणारी शिक्षिका हे असेच एक निमित्त होय. आवरण आहे म्हणून प्रयत्न सोडावा, असे कोणताही आचार्य सांगत नाही. दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणे हे मात्र ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाचे कारण म्हणून शास्त्रात सांगितले आहे.

प्रत्येक शिबिराने दोन-तीन विशेष मुलांसाठी जागा ठेवायची ठरवली, तर फार मोठ्या खर्चाची गरज नाही. दिवसाच्या क्रमाचे चित्रफलक भिंतीवर लावावेत, म्हणजे पुढे काय होणार हे मुलाला कळते आणि त्याची अस्वस्थता कमी होते. ध्वनिक्षेपकाचा आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी एक शांत खोली राखून ठेवावी. प्रत्येक मुलामागे एक ठरलेला स्वयंसेवक असावा, आणि त्याला शिबिरापूर्वी एक-दोन दिवस विशेष शिक्षिकेकडून शिकवून घ्यावे. णमोकार मंत्र पाठ म्हणता येत नसेल, तर हात जोडून शांत बसणे हीच त्या मुलाची सामायिक मानावी. जेथे शक्य असेल तेथे समाजाचे सभागृह सुट्टीत रोज दोन तास जवळच्या विशेष शाळेला विनामूल्य द्यावे, तेही जातिधर्माचा भेद न करता. शिक्षिकेच्या मानधनासाठी एखाद्या दात्याने पुढे यावे. आणि समाजाने हे सर्व करताना शासनाकडील मागणीही सोडू नये. दानाचा ओघ दात्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. हक्क एकदा मिळाला की तो गरीब आणि अनोळखी मुलापर्यंतही पोहोचतो.

शाळा बंद होण्याच्या सुमारास, वैशाखात, अक्षय तृतीया येते. मुनी अवस्थेतील भगवान ऋषभदेव कित्येक महिने आहारासाठी विहार करीत होते. लोकांची भक्ती कमी नव्हती. कोणी रत्ने आणली, कोणी वस्त्रे, कोणी हत्ती-घोडे. परंतु मुनींना काय आणि कसे द्यावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला दानाच्या विधीचे स्मरण झाले आणि त्याने उसाचा रस दिला. रत्नांपुढे उसाच्या रसाचे मोल ते काय. पण त्या क्षणी गरज त्याचीच होती, म्हणून ती तिथी अक्षय ठरली. विशेष मुलाच्या बाबतीतही समाजापाशी सहानुभूती पुष्कळ आहे. मिठाई, खेळणी आणि वाढदिवसाचे भोजन त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याला मे महिन्यात हवे असतात ते रोजचे दोन तास आणि त्याची भाषा जाणणारे एक माणूस. यंदाच्या अक्षय तृतीयेला इक्षुरसाच्या पारण्याबरोबर प्रत्येक गावाने आपल्या परिसरातील अशा मुलांची एक यादी जरी केली, तरी पुढच्या जूनमध्ये काही शिक्षिकांना पहिल्या बटणापासून आरंभ करावा लागणार नाही.